कांचनाची शेंग आणि तांब्याचा पत्रा: माझ्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात, कार्यशाळेत, फोनवर, एखाद्या लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटले तरी लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं आणि मग घरी आल्यावर रुखरुख लागते. म्हणून या वेळी सवडीनं लिहून काढलं आहे.

तुम्ही नेमकं काय करता?

तांब्याचा सपाट पत्रा हातोडीनं ठोकून त्यातून शेंगा, बिया, कोंब, पानांच्या कडा असे आकार घडवते. बहुतेक शिल्पं माणसाच्या उंचीची किंवा त्याहून मोठी असतात. पद्धत थोडक्यात सांगायची तर अशी: खऱ्या शेंगेचे फोटो काढायचे, त्यावरून संगणकात तिचा त्रिमित आकार तयार करायचा, तो आकार सपाट पत्र्यातून येण्यासाठी पत्रा कुठे किती ताणावा लागेल याचा नकाशा काढायचा आणि मग तो नकाशा पत्र्यावर उतरवून हातोडी हातात घ्यायची. पहिल्या तीन गोष्टींना आठवडा लागतो. शेवटच्या गोष्टीला दोन-तीन महिने.

एवढी झाडं असताना कांचनाचीच शेंग का?

ती मी उडताना ऐकली म्हणून.

मे महिन्यातली दुपार होती. गच्चीवर पापड वाळत घातले होते आणि मी राखण करत बसले होते. कुंपणालगतच्या कांचनावर पानं विरळ आणि शेंगाच शेंगा, चपट्या, तपकिरी, वीतभर लांब. अचानक ‘कट्’ असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. पाठोपाठ पापडावर काहीतरी टपकलं. बघते तर नाण्यासारखी चपटी बी. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा कट्. तासाभरात गच्चीवर आठ-दहा बिया आणि शेंगेच्या चार फाका गोळा झाल्या. झाडावर असताना पट्टीसारख्या सरळ असलेल्या त्या फाका आता चांगल्या पिळवटल्या होत्या.

मी दोन फाका शेजारी ठेवल्या. एकीचा पीळ उजवीकडे होता, दुसरीचा डावीकडे. वाटलं, योगायोग असेल. मग एकाच शेंगेच्या जोड्या जुळवून पाहिल्या. प्रत्येक जोडीत एक डावी, एक उजवी. आरशातलं प्रतिबिंब जणू. त्या दुपारनंतर माझं कामच बदललं. तोवर मी शेंगा ‘दिसतात तशा’ मातीत करत होते. आता प्रश्न असा पडला की ही अशी दिसते, तर ती अशी झाली कशी?

मग शेंग पिळते कशी?

शेंगेच्या फाकेत तंतूंचे दोन थर असतात, एकावर एक चिकटलेले. एका थरातले तंतू शेंगेच्या लांबीला तिरपे जातात, साधारण ४५ अंशांत. दुसऱ्या थरातले तितकेच तिरपे, पण उलट्या बाजूला. म्हणजे दोन्ही थरांचे तंतू एकमेकांशी काटकोन करतात. शेंग वाळू लागली की प्रत्येक थर आपल्या तंतूंच्या आडव्या दिशेनं आकसतो. एक थर एका तिरप्या दिशेला ओढतो, दुसरा बरोबर तिच्या आडव्या दिशेला. दोघंही एकमेकांना सोडू शकत नाहीत. सपाट राहणं दोघांनाही जमत नाही, त्यामुळे फाक एका दिशेनं वर आणि दुसऱ्या दिशेनं खाली वळू पाहते. भाजताना पापड जसा खोगिरासारखा होतो, तसं. पण फाक पडली लांब आणि अरुंद. लांब पट्टीला तिरपं खोगीर व्हायचं असेल तर तिला पीळच घ्यावा लागतो. दोन फाका शिवणीवर जोडलेल्या असतात तोवर एकीचा पीळ दुसरीला अडवतो आणि ताण साठत जातो. शिवण उकलली की कट्!

इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांच्या एका गटानं २०११ मध्ये याच कांचनावर अभ्यास करून हे गणितासकट मांडलं. त्यांनी केलेला प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. पातळ रबराचे दोन तुकडे घ्या (मोठा फुगा कापला तरी चालतो). एक उभा ताणा, दुसरा आडवा ताणा, ताणलेल्या अवस्थेतच एकमेकांवर चिकटवा आणि वाळू द्या. आता त्यातून तिरपी, ४५ अंशांत एक अरुंद पट्टी कापा. कात्री सुटताक्षणी पट्टी पीळ घेते. उभी किंवा आडवी कापलीत तर पीळ पडत नाही, ती नुसती वळते. मी मुलांच्या कार्यशाळेत हे करते तेव्हा पहिली पट्टी पिळली की वर्गात जो आवाज होतो, तो मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो.

वाळलेली फाक रात्रभर पाण्यात ठेवलीत तर पीळ सैल पडतो, पुन्हा वाळली की परत येतो. झाड कधीच मागे राहिलेलं असतं, बी उडून गेलेली असते, तरी ती फाक आपलं काम विसरत नाही.

माध्यम म्हणून तांबंच का निवडलं?

मी पुण्यात राहते आणि पुण्यात तांबट आळी आहे, हे खरं कारण. पेशवाईच्या काळापासून इथं तांब्याचं काम चालत आलं. आपल्या आज्यांच्या घरातले बंब, घंगाळी, हंडे, कळश्या अशाच हातांतून आल्या. स्टीलची भांडी आली आणि हातांचं काम कमी होत गेलं, पण हात अजून आहेत. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांना काका म्हणते. सुरुवातीचे सहा महिने त्यांनी मला फक्त सपाट पत्र्यावर एका ओळीत ठोके मारायला लावले.

याला मठारकाम म्हणतात. चकचकीत तोंडाच्या हातोडीनं पत्र्यावर एकाला एक लागून ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोका एक छोटी, उथळ खळी सोडतो. भांड्यावर जी खवल्यांसारखी नक्षी चमकते ती हीच. ती दिसायला सुंदर असतेच, पण तिचं खरं काम वेगळं आहे. ठोक्यानं तांबं कणखर होतं. पातळ पत्र्याची कळशी पाण्यानं भरून कमरेवर घेतली तरी चेपत नाही, ती मठारामुळे.

आणि ठोक्याखाली पत्रा थोडासा पसरतो. माझं सगळं काम या ‘थोडासा पसरतो’वर उभं आहे.

यात संगणकाचा संबंध कुठे येतो? कारागीर तर त्याच्याशिवायच घडवत आले.

मोसंबीची साल सोलून टेबलावर सपाट करून बघा. फाटल्याशिवाय होत नाही. उलटही खरं आहे: कागद सपाट असतो, त्याची नळी होईल, शंकू होईल, पण न चुरगळता त्याचा चेंडू होणार नाही. गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये हे सिद्ध केलं. नुसतं वाकवून पृष्ठभागाची मूळ वक्रता बदलत नाही. बदलायची तर कुठेतरी ताणावं किंवा आकसावं लागतं.

क्रोशाचं काम करणाऱ्या बायकांना हे गाउसशिवाय माहीत असतं. गोल रुमाल विणताना फेरीला टाके कमी पडले की त्याची वाटी होते. जास्त झाले की कडेला झालर पडते. बरोबर मोजून टाकले तरच सपाट. निसर्गातली निम्मी रूपं या तीन ओळींत येतात. कळी म्हणजे वाटी. कुरळ्या पानाची कड म्हणजे झालर. मूळ लॅटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना हीच झालर पद्धतशीर वाढवत नेऊन लोकरीत विणली. अशा झालरदार पृष्ठभागाची जी ‘हायपरबोलिक’ भूमिती विद्यार्थ्यांना फळ्यावर समजत नव्हती ती त्यांच्या हातात दिली. हातकाम गणिताच्या मदतीला धावून गेल्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या पत्र्याकडे येऊ. समजा, ४० सेंटिमीटर रुंद पट्टीला २४० सेंटिमीटरमध्ये एक पूर्ण पीळ द्यायचा आहे. मधली रेघ २४०च राहते. पण कडेला आता सरळ जाता येत नाही, तिला मधल्या रेघेभोवती प्रदक्षिणा घालत जावं लागतं. तिची लांबी होते जवळपास २७१ सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही कडांना ३१ सेंटिमीटर तांबं जास्तीचं हवं, आणि ते आणायचं कुठून? बाहेरून जोडायचं नाही. तिथलाच पत्रा ठोकून पसरवायचा. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा कडेला १.०६ मिलिमीटरपर्यंत उतरतो. मध्ये शून्य ताण, कडेकडे वाढत जाणारा ताण.

साध्या पिळाचं हे गणित कागदावर होतं. खरी शेंग इतकी सरळ नसते. बी बसलेल्या जागी फुगवटा असतो, देठाकडे रुंदी कमी होते, टोकाला पीळ घट्ट होतो. तिथं मी संगणक वापरते. तो पृष्ठभागाचे हजारो त्रिकोण करतो, ते सपाट पसरवून पाहतो आणि रंगांत दाखवतो: निळं तिथं हात लावू नका, पिवळं तिथं थोडं, लाल तिथं पुष्कळ. ते रंग मी खडूनं पत्र्यावर उतरवते. कुठे ताणायचं ते संगणक सांगतो, ताणते हातोडी.

कारागीर हे नकाशाशिवाय करत आले हे अगदी खरं. कळशीचा आकार शेकडो वर्षं हातांत मुरलेला आहे. पिळलेली शेंग कुणाच्याच हातात मुरलेली नाही, माझ्याही नाही. जिथं परंपरेनं अजून वाट पाडलेली नाही तिथं मला नकाशा लागतो.

शेंगेचा आकार संगणकात कसा घेता?

साध्या मोबाइलनं. शेंग सुईवर टोचून मातीच्या गोळ्यावर उभी करते आणि तिच्याभोवती तीन उंचीवरून ऐंशी ते शंभर फोटो काढते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंतले समान बिंदू शोधून खोली काढतं. तीन गोष्टी अनुभवानं कळल्या. ढगाळ दिवस किंवा सावली उत्तम, ऊन नको. शेंग चकचकीत असेल तर तिच्यावर अगदी हलकी टाल्कम पावडर फुंकावी, नाहीतर चमक जागा बदलते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. खाली वर्तमानपत्र अंथरावं, छापील अक्षरं जुळवाजुळवीला फार उपयोगी पडतात. बाजूला पट्टी ठेवायला विसरू नका, कारण फोटोला माप कळत नाही.

पुढचं काम ब्लेंडर या त्रिमित आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते मोफत आहे, शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, मराठीतही सापडतात.

एवढं मॉडेल तयार असतं, तर सरळ थ्रीडी प्रिंट का काढत नाही?

काढते, पण ती शिल्प म्हणून ठेवत नाही. पाव मिलिमीटरहून पातळ थर एकावर एक चढवत यंत्र शेंग उभी करतं. हातभर शेंग एका रात्रीत होते आणि आकार हुबेहूब असतो. पण त्या प्लास्टिकनं कधी ताण सोसलेला नसतो. खरी शेंग पिळली कारण तिचे दोन थर एकमेकांशी झगडले. ठोकलेल्या तांब्यातही तसाच ताण असतो, कडेला पसरवलेलं तांबं पत्र्याला सपाट राहू देत नाही. शेवटी शेवटी तर पीळ मला द्यावा लागत नाही. कड पुरेशी पसरली की पत्रा एका दुपारी आपणहून वळतो. ते पाहण्यासाठी मी हे काम करते असं म्हटलं तरी चालेल.

प्रिंटचा उपयोग फर्म्यांसाठी मात्र फार होतो. दर वीस सेंटिमीटरवर आकाराचा छेद कसा असायला हवा याचे फर्मे छापून घेते आणि काम चालू असताना पत्र्याला लावून पाहते. गरम पत्र्याला लावायचे नाहीत, हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

कधी काम फसलं आहे का?

पहिलं मोठं शिल्प फुटलं. नकाशात लाल दिसणारी कड मी दोन दिवस सलग ठोकत राहिले. तांबं ठोक्यानं कणखर होतं तसं ठिसूळही होत जातं. मध्ये मध्ये ताव द्यावा लागतो, म्हणजे मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. लोखंड असं गार केलं तर कडक होऊ शकतं, तांबं मऊच राहतं. वरचा काळा थर चिंचेच्या पाण्यानं निघतो. हे सगळं मला माहीत होतं. पण नकाशाप्रमाणे चाललंय या भरवशावर ताव द्यायचा राहिला.

काका शेजारच्या खोलीत होते. तिथूनच ओरडले, “अगं पोरी, थांब! आवाज चढलाय!” मी थांबेपर्यंत कडेला चार बोटं लांब चीर गेली होती. मऊ तांब्याचा ठोका बद्द वाजतो, कडक होत जाईल तसा टणटणीत. काकांनी भिंतीपलीकडून ऐकलं, मी हातात हातोडी असून ऐकलं नव्हतं. आता नकाशाच्या कोपऱ्यात मी दर वेळी मोठ्या अक्षरांत लिहिते: ‘कान’.

दुसरी गोष्ट अजून खुपते. एका कामाला नुसती घाण काढायला म्हणून बाहेर दिलं होतं. तिथल्या लोकांनी यंत्रावर घासून सगळा मठार गुळगुळीत करून आरशासारखं चमकवून दिलं. त्यांना वाटलं, मी खूश होईन. अकरा आठवड्यांचे ठोके एका तासात गेले. तेव्हापासून पत्रा कार्यशाळेबाहेर जात नाही.

निसर्गात सगळीकडे सुवर्ण गुणोत्तर असतं, तुम्ही ते वापरता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा स्पष्ट सांगते. सुवर्ण गुणोत्तर म्हणजे सुमारे १.६१८ हा आकडा. सूर्यफुलात ते खरंच आहे. प्रत्येक नवा कोंब आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतो आणि म्हणून बियांच्या रांगा मोजल्या की ३४ आणि ५५ अशा संख्या मिळतात (५५ला ३४नं भागलं की जवळपास तोच आकडा). पण नॉटिलस शंखाचं जे चित्र सुवर्ण गुणोत्तर म्हणून फिरतं ते चुकीचं आहे. या गुणोत्तरावरून काढलेलं सुवर्ण सर्पिल एका वेढ्यात जवळपास ६.८५ पट वाढतं. नॉटिलस साधारण तिप्पट वाढतो. दोन्ही सर्पिलं एकाच कुळातली, पण मोजमाप अगदी वेगळं. शंख सुंदर आहे, त्याला उसन्या आकड्याची गरज नाही. मी जे समोर आहे ते मोजते.

(शंखांचा विषय निघालाच आहे तर: नॉटिलस आणि इतर काही शंख आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. माझ्यासाठी म्हणून कुणी विकत आणू नका.)

हे आकार एआय तयार करतं का?

नाही. माझ्या प्रत्येक शिल्पामागे एक खरी शेंग असते, तिच्या झाडाची जागा आणि गोळा केल्याची तारीख वहीत असते.

या यंत्रांमुळे कारागिरांच्या पोटावर पाय येत नाही का?

हा प्रश्न मला स्वतःलाही पडतो आणि मी तो टाळत नाही. यंत्रावर मठारासारखी नक्षी उठवलेली भांडी बाजारात मिळतात, ती स्वस्त असतात आणि त्यांनी कारागिरांचं नुकसान केलं आहे. तिथं यंत्र हाताची नक्कल करतं आणि हाताचं नाव लावतं. हे मला मान्य नाही.

माझ्याकडे मोठ्या शिल्पावर चार जण काम करतात, त्यांतले तिघं तांबटकाम करत मोठे झालेले. त्यांची मजुरी मी दिवसावर ठरवते, किलोवर नाही. किलोवर ठरवली की जड काम करणाऱ्याला जास्त मिळतं आणि बारीक काम करणाऱ्याला कमी. वर सांगितलेली २४० सेंटिमीटरची पट्टी जेमतेम सव्वादहा किलो भरते, तिच्यात गेलेले दिवस काट्यावर दिसत नाहीत. शिल्पाखालच्या पाटीवर चौघांचीही नावं असतात. काकांच्या नातवानं मागच्या वर्षी ब्लेंडर शिकून घेतलं. तो आता नकाशा बघूनच सांगतो, “इथं लाल दाखवतंय, पण इथं काठ आवळून घेतला तर कमी ठोकावं लागेल.” असं सांगायला सॉफ्टवेअर आणि पत्रा, दोन्ही माहीत असावे लागतात. माझ्यापेक्षा तो पुढे जाईल.

तुमच्यावर कोणाच्या कामाचा प्रभाव आहे?

मृणालिनी मुखर्जी यांचा. त्यांचा जन्म मुंबईतला, शिक्षण बडोद्याचं. तागासारखे जाड दोर रंगवून, हातानं गाठी मारत त्यांनी माणसापेक्षा उंच अशी शिल्पं उभी केली. ती फूलही वाटतात, देवताही. पुढे त्या मातीत आणि ब्राँझमध्ये गेल्या. २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. संगणकाचा त्यांच्या कामाशी संबंध नव्हता. गाठीवर गाठ चढत आकार वाढतो कसा, हे मी त्यांच्या दोरांकडे बघून शिकले.

शिकायचं असेल तर आधी माती की आधी संगणक?

आधी चालणं. रोज एकाच झाडाकडे जा, वर्षभर. मग माती. संगणक तिसरा, पण फार उशीर करू नका. मातीत हात बसलेल्या मुलांना पडद्यावरचा आकार पटकन ‘जड’ वाटू लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

घरी ठेवलेल्या शिल्पाची काळजी कशी घ्यायची?

कोरड्या मऊ कापडानं पुसा, बस. चिंच-मीठ लावून लखलखीत करू नका, हे देवाचं तांब्या-पळीचं जोड नाही. तांबं हळूहळू गडद होतं, तसं होऊ द्या. कोकणात, गोव्यात खाऱ्या वाऱ्यात ठेवणार असाल तर आधी सांगा, मी मेणाचा जाड हात देते. पावसाळ्याआधी दर वर्षी तो पुन्हा द्यावा लागतो. तरीही कडांना हिरवट झाक येईल, आणि मला ती आवडते.

आमच्याकडे शेंगा पडल्या आहेत, आणू का?

जरूर. झाडावरून तोडू नका, उडालेल्या गोळा करा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरून पीळ सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर गाव आणि तारीख लिहा. आणि जमलं तर दोन्ही फाका एकत्र बांधा. एकच फाक आली की तिची जोडी कुठे पडली असेल या विचारात माझा पूर्ण दिवस जातो.